वाचकांच्या शंका : अपग्रेड झाले आणि मेलचा प्रोग्रॅम उघडेना

या वेळची बरीच पत्रे एकाच दुखण्याची आहेत : मेलचा प्रोग्रॅम अपग्रेड केला आणि तो उघडताच, किंवा उघडल्यावर थोड्या वेळाने, आपोआप बंद होऊ लागला. म्हणून यंदा बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. फायलींची नावे आणि आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच, मधे नको तिथे स्पेस न देता टाइप कराव्यात.

प्रश्न : थंडरबर्ड बरीच वर्षे वापरतो. विंडोज १०, पीओपी खाते, सगळा मेल मिळून १४ जीबीच्या आसपास. मधली अपग्रेड्स टाळली होती, आता ११५ वरून एकदम १४० वर गेलो. चिन्हावर क्लिक केले की खिडकी क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकून पाहिला, काही फरक नाही. अशिलांची जुनी पत्रे त्यात आहेत. मेल गेला असे समजायचे का?
– सनदी लेखापाल, नाशिक

उत्तर : नाही. मेल जिथे होता तिथेच आहे. थंडरबर्डचा प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये राहतो आणि तुमचा मेल, पत्ते, पासवर्ड, ॲड-ऑन (वरून जोडलेले छोटे पूरक प्रोग्रॅम) हे सगळे 'प्रोफाइल' नावाच्या अगदी वेगळ्या फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइलला हात लागत नाही. मेल वाचला तो त्यामुळेच, आणि पुन्हा टाकूनही गुण आला नाही तोही त्यामुळेच. मांडव मोडून नवा घातला तरी रुसलेले व्याही तेच असतात. तेव्हा काढणे-टाकणे आता थांबवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 'खाते काढून नव्याने जोडा' असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. तुमचे खाते पीओपी आहे. सर्व्हरवरून उतरवलेला जुना मेल बहुधा तिकडे शिल्लक नसेल, जी काही प्रत आहे ती तुमच्या डिस्कवरच आहे.

पहिले काम प्रोफाइलची प्रत काढण्याचे. टास्क मॅनेजर उघडून थंडरबर्ड मागे चालू राहिलेला नाही ना ते पाहा, असेल तर बंद करा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे लिहून एंटर करा. उघडलेल्या ठिकाणी 'थंडरबर्ड' नावाचा फोल्डर दिसेल. तो अख्खा उचलून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नुसता आतला 'प्रोफाइल्स' घेऊ नका, कारण कोणते प्रोफाइल वापरायचे हे सांगणारी 'प्रोफाइल्स डॉट आयएनआय' फाइल त्याच्या बाहेर असते.

इथे हटकून एक अडचण येते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. थंडरबर्ड एका फोल्डरचा सगळा मेल सहसा एकाच फाइलमध्ये ठेवतो. इनबॉक्स ६ जीबीचा असेल तर ती फाइल ६ जीबीची, आणि नेमकी तीच कॉपी होत नाही. जागा भरपूर असूनही 'फाइल फार मोठी आहे' असे आले तर कारण हेच. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी. 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'वर या बाबतीत भिस्त ठेवू नका. प्रोफाइल २ जीबीच्या वर गेले की ते काम करत नाही आणि तुमच्याकडे तर प्रोग्रॅमच उघडत नाही.

प्रत झाली की मग तपास. शिफ्ट कळ दाबून ठेवा आणि दाबलेलीच ठेवून थंडरबर्डच्या चिन्हावर डबल क्लिक करा. 'ट्रबलशूट मोड' विचारणारी चौकट येईल. त्यात काही खुणा करण्याची सोय असते. तूर्त एकही खूण न करता पुढे जा. या मोडमध्ये सगळी ॲड-ऑन, बाहेरची थीम आणि ग्राफिक्स कार्डाकडून घेतली जाणारी मदत बंद असते. त्यामुळे इथे जे दिसेल त्यावरून पुढची वाट ठरते.

इथे प्रोग्रॅम नीट चालला, तर मेल आणि खाते ठीक आहे. दोष ॲड-ऑनचा किंवा ग्राफिक्सचा. ॲड-ऑनच्या पानावर जाऊन सगळी बंद करा आणि नेहमीसारखे सुरू करून पाहा. चालले तर निम्मी चालू करा, पुन्हा पाहा. बिघडले तर त्या निम्म्यांतली निम्मी बंद करा. अशाने आठ ॲड-ऑनमधला गुन्हेगार तिसऱ्या फेरीत हाती लागतो. एकेक करत बसलात तर सात फेऱ्याही लागतील. जुन्या वापरकर्त्यांनी दोन नावे खास तपासावीत : कॅलेंडरचे 'लाइटनिंग' आणि कूटलेखनाचे 'एनिगमेल'. २०२० मध्ये आलेल्या ७८ या आवृत्तीपासून कॅलेंडर आणि ओपनपीजीपी दोन्ही थंडरबर्डच्या पोटातच आले आणि जुन्या घडणीची ॲड-ऑन चालणे बंद झाले. त्यांचे अवशेष प्रोफाइलमध्ये पडून असतील तर ॲड-ऑनच्या पानावरून काढून टाका.

ॲड-ऑन सगळी बंद करूनही नेहमीच्या पद्धतीने सुरू करताना क्रॅश होत असेल, तर पुन्हा शिफ्ट दाबून आत जा. 'सेटिंग्ज'च्या 'जनरल' पानावर खाली 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' वापरण्याची खूण आहे, ती काढा. याने प्रश्न सुटला तर खूण काढलेलीच ठेवून विसरून जाऊ नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घेऊन अद्ययावत करा आणि मग खूण परत लावून पाहा. नव्या आवृत्तीने स्क्रीनवर चित्र काढण्याची पद्धत बदललेली असते आणि पाच वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर तिथे अडखळतो.

ट्रबलशूट मोडमध्येही बंदच पडत असेल, तर पाळी प्रोफाइलची. रनच्या चौकटीत 'थंडरबर्ड डॉट ईएक्सई', मग एक स्पेस, मग हायफन आणि कॅपिटल पी असे लिहा. प्रोफाइल निवडण्याची खिडकी येईल. 'चाचणी' नावाने नवे प्रोफाइल बनवा आणि त्यात खाते न जोडता नुसते सुरू करा. जुने प्रोफाइल तिथेच राहू द्या. ते काढताना 'फायलीही पुसू का' असे विचारले जाते आणि घाईत 'हो' म्हटले की मेल खरोखर जातो. नवे प्रोफाइलही बंद पडत असेल तर दोष विंडोजमध्ये, अँटिव्हायरसमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. नवे चालले तर जुन्या प्रोफाइलमधली एखादी फाइल बिघडली आहे. ती शोधताना प्रोग्रॅम पूर्ण बंद ठेवा. फाइल पुसू नका, नावापुढे 'जुनी' जोडून नाव बदला आणि दर वेळी एकच बदल करून पाहा. क्रम असा घ्यावा :

'एक्सयूएलस्टोअर डॉट जेसन' – खिडक्या आणि रकाने कुठे, किती रुंद, याची नोंद. गेली तर फक्त मांडणी मूळपदावर येते.

'सेशन डॉट जेसन' – मागच्या वेळी कोणता टॅब आणि कोणता फोल्डर उघडा होता याची नोंद.

'ग्लोबल मेसेजेस डीबी डॉट एसक्यूलाइट' – शोधाची अनुक्रमणिका. मोठी असते, नव्याने तयार व्हायला मेल किती आहे त्यावर वेळ लागतो आणि तोवर शोध अर्धवट चालतो.

शेवटी 'डॉट एमएसएफ' अशा शेवटाच्या फायली. या प्रत्येक फोल्डरच्या याद्या. 'मेल' फोल्डरमध्ये 'इनबॉक्स' आणि 'इनबॉक्स डॉट एमएसएफ' अशा दोन फायली शेजारी दिसतील. बिनशेपटीची, जीबीच्या मापाची फाइल म्हणजे खरा मेल. तिला हात लावायचा नाही. एमएसएफ ही यादी आहे, ती गेली तर थंडरबर्ड मूळ फाइल वाचून नवी बनवतो. त्या फोल्डरपुरती लावलेली रकान्यांची व क्रमाची मांडणी मात्र जाते. 'प्रेफ्स डॉट जेएस', 'लॉगिन्स डॉट जेसन', 'की४ डॉट डीबी' आणि 'एबुक डॉट एसक्यूलाइट' यांनाही हात लावू नका. खाती, पासवर्ड, त्यांची किल्ली आणि पत्ते त्यांत आहेत. पासवर्डची फाइल आणि किल्लीची फाइल जोडीने चालतात, एक ठेवून दुसरी बदलली की दोन्ही निकामी.

राहता राहिला अँटिव्हायरस. अपग्रेडनंतर प्रोग्रॅमच्या फायली नव्या असल्याने तो अधिक संशयाने पाहतो. शिवाय मेलची फाइल म्हणजे हजारो पत्रांचा एकच गठ्ठा. त्यातल्या एका पत्रातल्या विषाणूपायी अख्खा गठ्ठा अडकवून ठेवला की इनबॉक्स रिकामा दिसतो. अँटिव्हायरसमध्ये प्रोफाइलचा फोल्डर अपवादात टाका. थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' पानावर येणारा मेल एकेक करून तपासू देण्याची जी खूण आहे ती लावा. मग नवे पत्र आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये येते आणि तपासून झाल्यावर गठ्ठ्यात जाते.

प्रश्न : वरच्यासारखेच झाले म्हणून मी घाबरून थंडरबर्डची जुनी आवृत्ती परत टाकली. 'तुम्ही जुनी आवृत्ती सुरू केली आहे' असा संदेश आला, नवे प्रोफाइल बनवायला सांगितले, मी बनवले. आता प्रोग्रॅम चालतो पण आत काहीच नाही.
– निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : ६८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. नवी आवृत्ती पत्त्यांच्या आणि अनुक्रमणिकेच्या फायलींची रचना बदलते. जुनीला ती कळत नाही आणि ती अर्धवट समजुतीने त्यात लिहिते. म्हणून हा अटकाव. तुमचा मेल जुन्या प्रोफाइलमध्ये जसाच्या तसा आहे. 'प्रोफाइल्स' फोल्डर उघडा. आठ निरर्थक वाटणारी अक्षरे, टिंब आणि पुढे नाव असे दोन किंवा अधिक फोल्डर दिसतील. प्रत्येकावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार पाहा. काही जीबी भरणारा तुमचा, काही एमबी भरणारा नुकताच बनलेला.

सुरक्षित मार्ग पुढे जाण्याचाच आहे : नवी आवृत्ती पुन्हा टाका, वरच्या उत्तरातल्या हायफन-पीच्या आज्ञेने जुने प्रोफाइल निवडा आणि मूळ क्रॅशचा इलाज तिथे करा. 'हायफन अलाऊ हायफन डाउनग्रेड' ही आज्ञा देऊन अटकाव टाळता येतो, पण ती अपग्रेडच्या आधीची प्रत हाताशी असेल तरच वापरा. आणि तशी प्रत असेल तर मग तीच परत ठेवून जुनी आवृत्ती चालवलेली बरी. डाउनग्रेडच्या आज्ञेला खरे काम फार क्वचित उरते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत आउटलुक आहे, ऑफिसबरोबर आलेले जुन्या धाटणीचे. ऑफिसचे अपडेट झाल्यापासून तीन संगणकांवर ते उघडून 'लोडिंग प्रोफाइल'पर्यंत जाते आणि बंद होते. चौथ्यावर मात्र ठीक. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा दिसतात, त्यांतले काय वाचायचे?
– संगणक विभाग, सांगली

उत्तर : चौथा संगणक ठीक आहे ही चांगली खूण आहे. त्याच्यावर काय नाही याची यादी करा, उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन'. क्रॅशच्या वेळेची, स्रोत 'ॲप्लिकेशन एरर' आणि इव्हेंट क्रमांक १००० असलेली नोंद उघडा. तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' ही ओळ महत्त्वाची. तिथे एखाद्या अँटिव्हायरसच्या, पीडीएफ बनवणाऱ्या किंवा फोनशी कॅलेंडर जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलचे नाव असेल तर तपास संपला. 'एनव्ही'ने सुरू होणारे नाव एनव्हीडियाच्या आणि 'आयजीडी'ने सुरू होणारे इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे असते. 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' असेल तर त्यावरून विंडोजला दोष देऊ नका. दुसऱ्या कुणीतरी केलेली गडबड तिथे येऊन फुटते एवढाच त्याचा अर्थ. 'एक्सेप्शन कोड'मध्ये सी, सहा शून्ये आणि शेवटी पाच असे दिसेल : स्वतःची नसलेली मेमरी वाचायला किंवा लिहायला गेल्याची ती खूण. ती इतकी सर्रास दिसते की नुसता कोड इंटरनेटवर शोधून हाती काही लागत नाही, मॉड्यूलचे नाव जोडूनच शोधावे. स्रोत 'आउटलुक' आणि क्रमांक ४५ असलेली नोंदही पाहा. सुरू होताना कोणकोणती ॲड-इन चढली आणि प्रत्येकीला किती मिलिसेकंद लागले याची यादी तिच्यात असते. तीन बिघडलेल्या संगणकांची ही यादी चौथ्याच्या यादीशेजारी ठेवा.

मग कंट्रोल कळ दाबून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का असे विचारले की 'हो' म्हणा. उघडले तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲड-इन्स' इथे जाऊन तळाशी 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. सगळ्या खुणा काढा. खुणाच काढा, शेजारचे 'रिमूव्ह' दाबू नका, नाहीतर नंतर एकेक लावून पाहताना ती ॲड-इन नव्याने टाकावी लागते. अपडेटबरोबर ऑफिस ३२ बिटवरून ६४ बिटवर नेले असेल तर जुन्या ३२ बिटच्या ॲड-इन चालणारच नाहीत, त्यांची ६४ बिटची आवृत्ती मागवावी लागेल.

सेफ मोडमध्येही बंद पडते असे असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'मधून 'शो प्रोफाइल्स' उघडा, नवे प्रोफाइल जोडा आणि 'कोणते वापरायचे ते विचारा' हा पर्याय ठेवा. नव्यातही तीच गत झाली तर ऑफिसची दुरुस्ती : विंडोजच्या ॲप्सच्या यादीत ऑफिस निवडून 'मॉडिफाय', आधी 'क्विक रिपेअर', गुण नाही आला तर 'ऑनलाइन रिपेअर'. 'ऑनलाइन रिपेअर' म्हणजे जवळजवळ नव्याने बसवणे. इंटरनेट लागते, वेळ लागतो, आणि कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता ते सुरू करू नये.

नवे प्रोफाइल चालले तर जुन्याच्या डेटा फाइलवर संशय घ्या. फाइल ओएसटी असेल तर तिचे नाव बदला. ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते, नव्याने उतरते. मात्र ज्या संगणकावरून 'आउटबॉक्स'मधले काही अजून गेलेले नसेल तिथे आधी ते पाहा. पीएसटी असेल तर नाव बदलून भागणार नाही, कारण मेल तिच्यातच आहे. तिच्यासाठी 'स्कॅनपीएसटी' हा ऑफिसबरोबर येणारा प्रोग्रॅम आहे. तो 'प्रोग्रॅम फाइल्स', 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस', 'रूट', 'ऑफिस१६' इथे मिळतो. आउटलुक बंद ठेवून चालवा आणि बॅकअपची खूण ठेवा. डिस्कवर फाइलच्या आकाराइतकी तरी जागा मोकळी हवी. एकदा चालवून थांबू नका, 'दोष सापडले नाहीत' असे येईपर्यंत परत परत चालवा. पीएसटी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये किंवा नेटवर्कवरच्या सामाईक ड्राइव्हवर ठेवली असेल तर ती आधी संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आणा. आउटलुक ती सतत उघडी ठेवून लिहीत असते आणि त्याच वेळी दुसरा कुणी ती वर चढवू पाहतो, यात फाइल बिघडते. पीएसटीची मर्यादाही ध्यानात असू द्या : आउटलुक २०१० पासून मुळात ठेवलेली मर्यादा ५० जीबी, २००२ पर्यंतच्या जुन्या पद्धतीच्या फाइलची २ जीबी.

आणि कधीकधी तुमच्याकडे काहीच बिघडलेले नसते. १५ जुलै २०२० रोजी जगभरातली आउटलुक उघडताच बंद होऊ लागली होती, नोंद हीच – क्रमांक १०००, कोडच्या शेवटी पाच. चूक मायक्रोसॉफ्टकडची होती आणि त्यांनीच ती लगोलग दुरुस्त केली. त्या दिवशी ज्यांनी हातघाईने प्रोफाइले पुसली त्यांचे काम उगाच वाढले. एकाच वेळी अनेक संगणक, वेगवेगळ्या ॲड-इन, आणि तरीही सगळीकडे तेच, असे दिसले तर आधी वेबवरून मेल पाहून दिवसाचे काम उरका. तुमचा चौथा संगणक चालू असल्याने हा प्रकार त्यातला दिसत नाही. तरी त्यावर ऑफिसची तीच आवृत्ती आहे ना, हे 'फाइल' मधल्या 'ऑफिस अकाउंट' पानावर पडताळून घ्या. ती जुनी निघाली तर चित्र पालटते. मग बाकी तिघांवर मागची आवृत्ती आणणे आणि त्याच पानावरून अपडेट तात्पुरती थांबवणे हा उपाय उरतो. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्याच अपडेटमधून येतात, तेव्हा थांबवल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : थंडरबर्ड सुरू होतो, पण इनबॉक्समधल्या ठरावीक जागी गेलो की क्रॅश होतो. पुन्हा सुरू केला की आपोआप त्याच पत्रावर जातो आणि पुन्हा क्रॅश.
– वाचक, बेळगाव

उत्तर : हे चक्र तोडायला पहिल्या उत्तरातली 'सेशन डॉट जेसन' कामाला येते. प्रोग्रॅम बंद करून तिचे नाव बदला. पुढच्या वेळी मागचा फोल्डर आपोआप उघडणार नाही. उघडल्यावर कुठल्याही निरुपद्रवी फोल्डरमध्ये जाऊन एफ८ दाबा. पत्र दाखवणारा खालचा किंवा बाजूचा भाग मिटतो आणि आता यादीत वरखाली केले तरी पत्र उघडले जात नाही.

आता इनबॉक्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. यादी जुळत नसल्याने क्रॅश होत असेल तर एवढ्याने काम होते. यादी म्हणते पत्र अमुक ठिकाणी सुरू होते, प्रत्यक्ष गठ्ठ्यात तिथे भलत्याच पत्राचा मधला तुकडा असतो आणि प्रोग्रॅम गोंधळतो. तरीही त्याच पत्रावर बंद पडत असेल तर ते पत्र न उघडता, राइट क्लिक करून, 'संशयित' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवा. आयमॅप खाते, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणारे, असेल तर वेबवरून जाऊन हलवणे अधिक सोपे. त्यातला मजकूर वाचायचाच असेल तर 'व्ह्यू' मेनूमध्ये 'मेसेज बॉडी ॲज' इथे 'प्लेन टेक्स्ट' करून उघडा. पुष्कळदा विचित्र एचटीएमएल किंवा जोडलेले चित्र दाखवताना क्रॅश होतो, साध्या मजकुरात तो भाग बाजूलाच राहतो.

हे निस्तरल्यावर फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करा. थंडरबर्डमध्ये पुसलेले पत्र यादीतून जाते पण गठ्ठ्यात तसेच पडून राहते, कॉम्पॅक्ट केल्यावरच खरे जाते. त्यासाठी फोल्डरची नवी प्रत बनते, म्हणून ६ जीबीच्या इनबॉक्सला तेवढीच जागा मोकळी लागते. ती नसताना किंवा मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते आणि 'एनएसटीएमपी' नावाच्या मोठ्या फायली मागे उरतात. मेल सगळा जागेवर आहे हे पाहून, प्रोग्रॅम बंद करून त्या पुसल्या तरी चालतात. इनबॉक्समध्ये सगळे साठवण्याची सवय असेल तर वर्षवार फोल्डर करा. क्रॅश झाला तरी एका वर्षाचीच यादी दुरुस्त करावी लागते.

प्रश्न : क्रॅश होत नाही, पण अपग्रेडनंतर पासवर्ड सारखा विचारतो. पासवर्ड बरोबर आहे.
– वाचक, दुबई

उत्तर : जीमेल असेल तर प्रोग्रॅमला नुसता पासवर्ड देऊन आत जाण्याची वाट गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केली. आउटलुक डॉट कॉमने ती १६ सप्टेंबर २०२४ ला केली. 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' ही 'ओऑथ२' करा, म्हणजे पासवर्ड प्रोग्रॅमला न देता मेल कंपनीच्याच पानावर देण्याची पद्धत. पाठवण्याच्या सर्व्हरची तीच सेटिंग वेगळ्या पानावर असते आणि हमखास राहून जाते, मग मेल येतो पण जात नाही. 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मधली जुनी नोंद काढा. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद असतील तर गूगलचे पान पुढेच सरकत नाही, तेही पाहा.

कंपनीचा स्वतःचा जुना मेल सर्व्हर असेल तर कारण दुसरे. ७८ पासून थंडरबर्ड टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत) १.२ पेक्षा जुन्या जोडणीला मुळातच नकार देतो. ही गोष्ट सर्व्हर सांभाळणाऱ्याने दुरुस्त करायची. तुमच्या बाजूने सुरक्षा सैल करून जोडणी करता येते, पण तसे करा असे आम्ही सांगणार नाही.

प्रश्न : अपग्रेडनंतर २००५-०६ च्या सुमाराची मराठी पत्रे इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसतात.
– वाचक, पुणे

उत्तर : ती पत्रे युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली आहेत. त्यांत मुळात इंग्रजी अक्षरेच आहेत, फाँट त्यांना देवनागरी रूप देत होता. तो फाँट संगणकावर आहे याची खात्री करा. मग थंडरबर्डच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल', 'फाँट्स', 'ॲडव्हान्स्ड' इथे पत्रांना स्वतःचे फाँट वापरू देण्याची खूण आहे, ती लावा. पत्र साध्या मजकुराचे असेल तर त्यात फाँटचे नावच नसते. तो मजकूर युनिकोड परिवर्तकातून काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि परिवर्तकाला मूळ फाँट कोणता होता ते सांगावे लागते.

प्रश्न : हे सगळे टाळायला अपग्रेडच बंद करून टाकले तर?
– वाचक, सोलापूर

उत्तर : मेलमधून येणारी प्रत्येक गोष्ट परक्याने पाठवलेली असते, तेव्हा दुरुस्त्या न घेता मेलचा प्रोग्रॅम चालवणे धोक्याचे. बंद करू नका, संथ करा. थंडरबर्डचे दोन प्रवाह आहेत. मार्च २०२५ पासून मुखपृष्ठावरून मिळतो तो 'रिलीज', त्यात दर महिन्याला नवे काहीतरी येते. दुसरा 'ईएसआर'. त्याची मोठी उडी साधारण वर्षातून एकदा – ११५, १२८, १४० – आणि मधल्या काळात फक्त दुरुस्त्या. कार्यालयाला ईएसआर बरा. मात्र रिलीजवर गेलेले प्रोफाइल घेऊन ईएसआरवर परतायला गेलात तर फोंड्याच्या वाचकांना आला तोच 'जुनी आवृत्ती'चा अटकाव येईल, तेव्हा निवड सुरुवातीलाच करा.

'सेटिंग्ज'च्या 'जनरल' पानावर अपडेट शोधावे पण बसवायचे की नाही ते मला विचारावे, असा पर्याय आहे, तो ठेवा. मोठ्या उडीची सूचना आली की प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइलची प्रत काढा, मग 'हो' म्हणा. ज्यांचा संगणक अजून विंडोज ७ किंवा ८.१ वर आहे त्यांच्यासाठी ११५ हीच शेवटची मालिका. त्यापुढची आवृत्ती त्यावर बसत नाही आणि कुठल्या तरी अनोळखी साइटवर 'विंडोज ७ साठी चालणारी नवी आवृत्ती' मिळाली तर ती उतरवू नका.